रुमालाखालची बोटं

१५ ऑगस्ट १९८२, रविवार

आज लातूर जिल्हा झाला. सकाळपासून गोलाईच्या बाजारपेठेत फटाके, पेढे आणि भोंगे. काल आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात झोपलो आणि आज लातूर जिल्ह्यात उठलो, त्यासाठी साधी कूसही बदलावी लागली नाही. अडत बाजार बंद होता तरी अप्पांनी दुकान उघडून सगळ्या हमालांना पेढे वाटले. मला दोन दिले. म्हणाले, "तम्मा, एक जिल्ह्याचा, एक तुझा."

अप्पा म्हणजे आमचे मालक, गुरुपादप्पा. मूळचे उदगीरकडचे, बोलण्यात कानडी येतं, म्हणून मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. दुकानात बाकी कुणाला म्हणत नाहीत. ही डायरीही त्यांनीच जानेवारीत दिली होती, खताच्या कंपनीची. सात महिने कोरी पडली होती. चाळिशी उलटल्यावर माणसानं एक तर रुद्राक्षाची माळ ओढावी नाहीतर डायरी लिहावी. माळ ओढायला मला दम निघत नाही.

मी सिद्धराम, गाव शिरूर अनंतपाळ, शिक्षण सातवी, काम सौदा. एकोणीस वर्षं याच एका दुकानात. शेतकऱ्याचा माल आमच्या अडतीवर येतो, खरेदीदार येतात आणि त्यांच्याशी दर ठरवतो तो मी. तोंडानं नाही. हातावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा, आणि बोटं बोलतात. कुठलं बोट धरलं, कुठलं पेर दाबलं, त्यात सगळं आलं. पटलं नाही तर हात मोकळा मागं घ्यायचा. पटलं तर बोटं मिटायची. बोटं मिटली की सौदा झाला, मग ब्रह्मदेव आला तरी फिरवता येत नाही. ज्याचा माल तो शेतकरी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो, पण त्याला नुसता रुमाल दिसतो. कसब म्हणतात ते हेच.

अख्ख्या लातुरात असा हात नाही असं अप्पा चारचौघांत सांगतात. आयुष्यात नाव काढलं म्हणतात ते आणखी काय असतं? माझे दोन भाऊ गावाकडे दुसऱ्याच्या रानात राबतात. मी गादीवर बसतो, अप्पांच्या उजव्या हाताला.

२ सप्टेंबर

पोळा कोरडा गेला. मूग गेला, उडीद गेला, तूर गुडघ्याएवढी होऊन उभी राहिली आहे. बाजारात माल येणार कुठून? दिवसभर गादीवर बसून माशा हाकल्या.

घरी बायकोनं, पार्वतम्मानं, विषय काढला. आमची मुलगी सिंधु मॅट्रिक होऊन टायपिंगच्या क्लासला जाते, तिची परीक्षा हिवाळ्यात आहे. पार्वतम्मा म्हणाली, "नवा जिल्हा म्हंजे नवी हापिसं. हापिसात खटखट करणाऱ्या पोरी लागत्यात. आन तुमचं काय? पाऊस न्हाई तर माल न्हाई, माल न्हाई तर तुमचा हात धरायला कोण यील?"

मी म्हटलं, अप्पा आहेत.

ती म्हणाली, "अप्पा हायेत, खरंय. पर अप्पा तुमचे हायेत का तुमी अप्पाचे हाव?" बायकांना असं फिरवून बोलायची सवय असते. मी जेवून उठलो.

१९ सप्टेंबर

काल नांदेडला जाऊन आलो. मोंढ्यातले, म्हणजे तिथल्या धान्यबाजारातले किशनराव, दाळमिलवाले, दरवर्षी आमची तूर घेतात. अप्पांनी जुना हिशेब मिटवायला पाठवलं होतं. एसटीनं गेलो, गोदावरीत पुलावरून बघितलं तर पाणी कमी आणि वाळू जास्त. दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगर जेवलो. खोटं कशाला बोलू, तिथली दाळ आमच्या घरच्यापेक्षा चांगली असते.

हिशेब झाल्यावर किशनरावांनी दार लोटलं, स्वतःचा रुमाल काढला आणि माझा हात धरला. मला वाटलं तुरीचा आगाऊ सौदा करायचा असेल. पण दर नव्हता तो, माझा पगार होता! अप्पा देतात त्याच्या दीडपट. वर तोंडानं म्हणाले, "सिद्धरामजी, काय करून राहिले तुम्ही तिथं? इकडं या. दोन वर्षांत मिलचं सगळं शिकवतो. मशीन, मालाची प्रत, गिऱ्हाईक, बँक. तुमची नजर हाय, वाया चालली. रुमालाचे दिवस आता थोडेच राहिलेत."

पगाराच्या आकड्यानं छाती भरली, पण शिकवतो या शब्दानं डोकं फिरलं. एकोणीस वर्षं सौदा केलेल्या माणसाला हे मशीन शिकवणार! मी हात मोकळा मागं घेतला. किशनराव माझ्या हाताकडे बघत राहिले. रुमालाची घडी घालत म्हणाले, "बरं. मर्जी तुमची."

एसटीत सारखं वाटत होतं की चूक तर नाही ना केली. हे इथे लिहितो कारण दुसरीकडे कुठे बोलता येत नाही.

२० सप्टेंबर

सकाळी अप्पांना सगळं सांगितलं. लपवून ठेवणं माझ्या रक्तात नाही. अप्पांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खरंच सांगतो, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तम्मा, तू गेलास तर ह्या दुकानाचा उजवा हात गेला बघ. परक्या गावात तुला कोण इचारणार? हितं तू घरचा हायेस. दोन साल कळ काढ. पाऊस होऊ दे, माझा भीमाशंकर शिकून येऊ दे, मग तुझ्या पातीचं बघू."

पाती! म्हणजे दुकानात भागीदारी. तोंडातून शब्द काढला त्यांनी. दीडपट पगार कुठे आणि पाती कुठे.

सिंधुच्या क्लासचं बोललो तर हसले. "पोरीला कशाला हापिसात बसवतोस? लोक काय म्हणतील, गुरुपादप्पाच्या माणसाला पोरगी कमवून घालती? वैशाखात लगीन उरकून टाकू. मी हाय."

घरी येऊन सिंधुला क्लास बंद करायला सांगितलं. ती उठून आत गेली. पार्वतम्मा चुलीत लाकूड सारत राहिली, आणि ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. पण पातीचं ऐकल्यावर तिला पटेल असं वाटलं. ती फक्त म्हणाली, "बघू म्हणाले ना? बघतीलच मग."

११ ऑक्टोबर

माल नाही. बसलो.

१६ नोव्हेंबर, पाडवा

दिवाळीचा पाडवा म्हणजे आमचं वर्ष. मुहूर्ताचा सौदा मीच केला. माल कुठला तर कर्नाटकातून आलेली चार पोती करडई, तीही अप्पांनी मुहूर्तासाठी मुद्दाम मागवलेली. खरेदीदारानं मान ठेवून हात दिला, बोटं मिटली, फटाके वाजले.

दर पाडव्याला अप्पा मला नवा रुमाल देतात, लाल काठाचा. यंदाही दिला. शिवाय एक भीमाशंकरला दिला. अप्पांचा मुलगा पुण्याहून बी.कॉम. होऊन आला आहे. पोरगा नम्र आहे, मला काका म्हणतो. अप्पा म्हणाले, "तम्मा, ह्याला जरा तयार कर. खरेदीदारांचे स्वभाव सांग. तुझ्याशिवाय कुणाला माहीत हायेत?"

आनंद झाला. ज्याला घरचा मानतात त्यालाच घरचा मुलगा सोपवतात.

५ डिसेंबर

भीमाशंकरला शिकवतो आहे. रुमालाची भाषा त्याला नको आहे, म्हणतो, "काका, बोटं राहू द्या. माणसं सांगा." कोण किती ताणल्यावर तुटतो, कोण दुपारच्या जेवणाआधी ढिला पडतो, कोणाला बायको आजारी असल्यानं घाई असते, कोण दुसऱ्यानं हात घातला की उगाच चढतो. मला वाटायचं मला काहीच सांगता येणार नाही, सगळं हातात आहे. पण बोलायला लागलो तर नळ सुटल्यासारखं येत गेलं. पंधरा दिवसांत एकोणीस वर्षं त्याच्या ओटीत घातली. तो नुसता ऐकतो आणि मधूनच विचारतो, "आणखी?"

सिंधु हल्ली जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवते. दहाही बोटं. मी रागावलो तर पार्वतम्मा म्हणाली, "उष्णतेनं व्हतं तसं." दुपारी ती शेजारच्या गुणाबाईंकडे शिवण शिकायला जाते. चांगलं आहे, शिवण संसाराला उपयोगी पडतं.

३ जानेवारी १९८३

डायरी संपली. अप्पांनी यंदा नवी दिली नाही, दुष्काळात कंपन्यांनी छापल्याच नसतील. म्हणून जुन्या डायरीतली सुरुवातीची सात महिन्यांची कोरी पानं वापरतो आहे. वार जुळत नाहीत, पण आता वार बघून करायचंय काय.

बाजारात बातमी आहे की रुमाल बंद. कागदावर म्हणे तो कधीचाच बंद आहे. आता नव्या जिल्ह्याचे साहेब स्वतः उभे राहणार आणि उघडी बोली होणार, सगळ्यांसमोर, तोंडानं ओरडून, शेतकऱ्याला ऐकू जाईल अशी. हमाल हसत होते. मीही हसलो. असली फर्मानं मी बरीच बघितली आहेत, चार दिवसांचं चांदणं असतं.

१७ जानेवारी

आज उघडी बोली झाली.

चाकूरकडची थोडी तूर आली होती. साहेब खुर्चीवर, सगळे खरेदीदार गोल करून, शेतकरी मागं उभे. अप्पांनी मला पुढे केलं. मी ढिगाजवळ गेलो, मूठभर तूर हातात घेतली. दर काय सांगायचा ते मला ठाऊक होतं. देवाशपथ ठाऊक होतं. पण तोंडातून शब्द निघेना. तोंड उघडलं तर नुसता वारा आला. एकोणीस वर्षांत मी दर कधी तोंडानं उच्चारलाच नाही, घरी पार्वतम्माला बाजारभाव सांगतानासुद्धा बोटं दाखवतो. आणि मग जे झालं ते लिहायलाही लाज वाटते. माझा हात आपोआप खांद्याकडे गेला, रुमाल काढला, मनगटावर टाकला आणि पुढे केला.

सगळा बाजार हसला. साहेबही. एक खरेदीदार ओरडला, "सिद्धराम, हात न्हाई, जीभ काढ!"

तेवढ्यात भीमाशंकर पुढे आला आणि खणखणीत आवाजात त्यानं बोली सुरू केली. काय पोरगा बोलला! जो दुसऱ्याच्या हातानं चढतो त्याला बरोबर दुसऱ्याशी झुंजवलं, जो जेवणाआधी ढिला पडतो त्याला बारा वाजेपर्यंत ताटकळत ठेवलं. पाच मिनिटांत ढीग विकला. अप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे तम्मा, मनाला लावून घिऊ नको. तुझाच चेला हाय."

खरं आहे, माझाच चेला. तरीही भाकरी गोड लागली नाही.

१२ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. सिद्धेश्वराच्या यात्रेत यंदा पाळणे कमी आणि पाण्याचे टँकर जास्त. अप्पांच्या घरची मंडळी दर्शनाला आली होती. अप्पांच्या पत्नी लक्ष्मम्मा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सिद्धराम, नांदेडचं काय झालं होतं? गेला असतास तर बरं झालं असतं बघ." मला वाईट वाटलं. इतकी वर्षं घरात येणं-जाणं आणि बाईंना मी अजून परका वाटतो. बायकांना धंद्यातलं कळत नाही म्हणून सोडून दिलं.

दुकानात मात्र अप्पांनी माझ्यासाठी खुर्ची आणली आहे. लोखंडी, नवी, दाराशी ठेवली आहे. म्हणाले, "गादीवर मांडी घालून तुझे गुडघे दुखत असतील. ऐसपैस बस. आलागेला बघ." गादीवर अप्पांच्या उजव्या हाताला आता भीमाशंकर बसतो. खुर्ची गादीपेक्षा उंच आहे हे कुणी लक्षात घेत नाही.

२१ मार्च

मांजरा नदी पूर्ण आटली. चौथ्या दिवशी टँकर येतो, पार्वतम्मा आणि सिंधु घागरी घेऊन पहाटेपासून रांगेत. मी दुकानात जातो, खुर्चीत बसतो. कुणी काही काम सांगत नाही. हमालांना हाक मारली तर ते आधी भीमाशंकरकडे बघतात. कधी कधी मी रुमालाखाली माझाच डावा हात उजव्यानं धरून बोटं चालवतो, म्हणजे सवय जाऊ नये. काल एका हमालानं ते बघितलं आणि तोंड फिरवून हसला.

मला काय येतं, हा प्रश्न हल्ली मनात येतो. पूर्वी कधी आला नाही, कारण अप्पा उत्तर देत होते.

१४ एप्रिल, गुढीपाडवा

मोठी बातमी. बसव जयंतीला दुकानात माझा सत्कार ठेवला आहे! भीमाशंकरनं सांगितलं. शाल, श्रीफळ, फोटोग्राफर, बाजारातली सगळी मंडळी. म्हणजे पाती नक्की. उगाच कुणाचा सत्कार कोण करतं? अप्पा बोलले होते की दोन साल कळ काढ, त्यांनी आठ महिन्यांतच मनावर घेतलं.

पार्वतम्माला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती, वर न बघता म्हणाली, "सत्कार ऱ्हाणाऱ्याचा करत न्हाईत, जाणाऱ्याचा करत्यात." मग भाकरी उलटून म्हणाली, "सिंधु टायपिंगची परीक्षा पास झाली. गेल्या महिन्यात निकाल लागला. क्लास बंद केला नव्हता तिनं. मीच पाठवत व्हते."

गुणाबाईकडचं शिवण! दहा बोटं! मी इतका बावळट आहे हे मला या वयात कळलं. ओरडणार होतो. पण सिंधु दारात उभी होती आणि तिच्याकडे बघून ओरडता येईना. सत्कार होऊन जाऊ दे, मग बघतो.

१५ मे, बसव जयंती

सगळं आठवेल तसं लिहितो.

मांडव घातला होता. बसवेश्वरांच्या तसबिरीला हार. बाजारातले सगळे आले, ज्यांचे हात मी एकोणीस वर्षं धरले ते सगळे. पार्वतम्मा आणि सिंधु बायकांत मागं. अप्पा बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "सिद्धरामजींनी ह्या दुकानाची लई सेवा केली." सिद्धरामजी! आजवर कधी म्हणाले नव्हते. मला वाटलं, मान वाढला. पातीदाराला तम्मा कसं म्हणणार.

मग त्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. शालीचं एक टोक आमच्या हातांवर आलं आणि त्याखाली अप्पांनी माझा हात धरला. अरे, हेच! असली गोष्ट ते ध्वनिक्षेपकावर थोडीच बोलतील. आमच्या रिवाजाप्रमाणे, कापडाखाली, हातात सांगतील. किती आणे पाती, ते बोटं सांगतील. मी पूर्ण हात त्यांच्या हवाली केला आणि वाट बघितली.

बोटं हलली नाहीत.

फोटोग्राफर म्हणाला, इकडं बघा. मी इकडं बघितलं. त्यांचा हात तसाच होता, मऊ, कोमट. मला वाटलं ते विसरले असतील, त्यांनीच मला ही भाषा शिकवली होती पण त्यालाही जमाना झाला. म्हणून मी स्वतः त्यांच्या तर्जनीचं पेर दाबलं. म्हणजे, सांगा. पुन्हा दाबलं. फोटो निघाला, उजेड चमकला आणि अप्पांनी हात मागं घेतला. मोकळा.

मग ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "आता त्यांनी घरी आराम करावा, नातवंडं खेळवावीत. दुकान त्यांचंच हाय, कवाबी यावं, च्या प्यावा."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. घरी येताना नारळ सिंधुनं धरला होता.

१६ मे

सकाळी उठून आंघोळ करून तयार झालो आणि दाराशी आल्यावर आठवलं.

२९ मे

नांदेडला गेलो. किशनरावांनी चहा पाजला, पंखा माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, गेल्या वर्षीचं तुम्ही बोलला होता ते. पुढे शब्द सुचेना म्हणून त्यांच्या खांद्यावरच्या रुमालाकडे बघितलं. त्यांनी बघितलं की मी काय बघतो आहे, आणि दोन्ही हात जोडले.

"सिद्धरामजी, तुमच्याशी खोटं बोलत न्हाई. तवा मला ठाऊक होतं उघडी बोली येऊन राहिली. म्हणून म्हटलं आत्ता या, हाताशी दोन हंगाम हायेत, शिकून घ्या. आता माझीच मिल अर्धी बंद हाय. तुम्ही माणूस सोन्यासारखे. पर मला सांगा, तुम्हाला काय म्हणून ठेवू?"

मी विचार केला. खरंच विचार केला. वजनकाट्यावर? तिथं हिशेब लागतो. मशीनवर? हमाली? किशनराव उत्तराची वाट बघत होते, चांगला माणूस आहे, टाळत नव्हता. मी उठलो. येताना त्यांनी तुरीची दाळ बांधून दिली, घरी न्या म्हणाले. ती एसटीत मांडीवर घेऊन बसलो.

अप्पांचा राग यावा असं वाटतं. येत नाही. त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही, आजारपणात डॉक्टर आणला, पाडव्याला रुमाल दिला. वाईट वागले असते तर मी कधीच निघून गेलो असतो आणि कुठेतरी काहीतरी शिकलो असतो. हे चूक असेल, मला नीट सांगता येत नाही.

१० जून

मृग लागला, आभाळ पांढरं. सिंधुला नव्या जिल्हा कचेरीत टायपिंगचं काम मिळालं, तीन महिन्यांपुरतं, टँकरच्या हुकुमांचं. पुढचं पुढे. पार्वतम्मानं देवापुढे साखर ठेवली. मला म्हणाली, "पहिला दिस हाय, तुमी सोडून या तिला." ती माझ्याशी हल्ली जपून बोलते, हेच मला सहन होत नाही.

१३ जून

सिंधुला घेऊन कचेरीत गेलो. नवी कचेरी भाड्याच्या इमारतीत आहे. ओसरीवर गर्दी, सगळे टँकर मागायला, काम मागायला आलेले. किल्लारीकडचे, निलंग्याचे, सगळीकडचे. सिंधु आत गेली. थोड्या वेळानं आतून खटखट ऐकू यायला लागली. मी पायरीवर बसलो. घरी जायचं होतं पण घरी जाऊन करायचं काय, म्हणून बसलो.

शेजारी एक म्हातारा बसला होता. माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "मालक, तुमी गुरुपादप्पाच्या अडतीवरले न्हाई का? मी ग्यानोबा. शिरूर अनंतपाळचा. धा-बारा साल माझी तूर तुमीच इकली."

माझ्याच गावचा माणूस, तरी मला तो आठवत नव्हता. समोर बसणाऱ्यांचे चेहरे आम्ही बघत नसायचो. पण कुणीतरी ओळखलं याचं इतकं बरं वाटलं की मी सरकून त्याला जागा दिली.

तो म्हणाला, "एक इचारू? राग नका मानू. ते रुमालाखाली काय करायचाव तुमी? माल माझा, बसायचो म्या तिथंच, आन मलाच कळायचं न्हाई. घरी गेल्यावर बायकू इचारायची, कसं ठरलं? म्या म्हणायचो, देवाला ठावं."

त्यानं चिडून विचारलं नव्हतं. पण मला काहीतरी झालं. एकोणीस वर्षांत कुठल्या शेतकऱ्यानं मला हे विचारलं नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलंही नव्हतं. म्हटलं, आज सांगतो. निदान एका माणसाला कळू दे की मला काय येत होतं. खांद्यावरचा लाल काठाचा रुमाल काढला, झटकला, उजव्या हातावर पसरला आणि हात पुढे केला, तळवा वर करून. म्हटलं, "धर माझा हात, असा, खालून."

ग्यानोबा धोतराला हात पुसत होता. तेवढ्यात कचेरीतून दोन-तीन माणसं बोलत बोलत बाहेर आली, पांढऱ्या कपड्यातली, घाईतली. पायऱ्या उतरताना त्यातल्या एकानं न थांबता, न बघता, खिशात हात घातला आणि माझ्या रुमालात काहीतरी टाकलं. बोलणं सुद्धा तोडलं नाही.

ग्यानोबानं मान खाली घातली.

मी ओरडायला हवं होतं की अहो, मी भिकारी नाही. ते उचलून त्याच्या मागं पळायला हवं होतं. आतली खटखट थांबली होती, सिंधुच्या खोलीची खिडकी ओसरीवरच आहे, तिनं बघितलं की नाही मला माहीत नाही. मी तिला विचारलेलं नाही. पण यातलं काही मला सुचायच्या आधीच, रुमालात वजन पडल्याबरोबर, माझी बोटं मिटली होती.